अमेरिकन मिडल स्कूलमधील साहित्यसंज्ञांचे शिक्षण

अमेरिकन मिडल स्कूलमधील साहित्यसंज्ञांचे शिक्षण हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इयत्ता सहावी ते आठवीच्या इंग्रजी विषयाचा एक भाग आहे. या वर्गांतील विद्यार्थी साधारणतः ११ ते १४ वर्षे वयाचे असतात. कथा, कविता, नाटक आणि ललितेतर लेखन वाचताना उपयोगी पडणाऱ्या सिमिली, मेटाफर, आयरनी, थीम, पॉइंट ऑफ व्ह्यू यांसारख्या संज्ञांची त्यांना या काळात पद्धतशीर ओळख करून दिली जाते. त्याच्या जोडीने शब्दसंग्रह वाढवण्याचे शिक्षणही चालते. संज्ञेचे नाव सांगता येणे आणि त्या संज्ञेच्या आधारे मजकुराचा अर्थ लावता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. त्यांतील अंतर कसे कमी करावे, हा या अध्यापनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

अलंकारांना नावे देऊन ती विद्यार्थ्यांना शिकवण्याची परंपरा युरोपात प्राचीन ग्रीक व रोमन वक्तृत्वशास्त्रापासून चालत आलेली आहे. मेटाफर, हायपरबोली, आयरनी इत्यादी संज्ञा मूळच्या ग्रीक असून सिमिली ही लॅटिन आहे. मेटाफर या शब्दाचा मूळ अर्थ ‘एका ठिकाणाहून दुसरीकडे वाहून नेणे’ असा होतो.

अमेरिकेत इंग्रजी साहित्य हा स्वतंत्र शालेय विषय म्हणून १९व्या शतकाच्या अखेरीस स्थिरावला. १८९२ साली नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा सदस्यांची समिती नेमली. तिच्या अहवालामुळे माध्यमिक शिक्षणात इंग्रजीला प्रमुख विषयाचे स्थान मिळण्यास मदत झाली. १९११ साली इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

प्राथमिक शाळा व हायस्कूल यांना जोडणारा स्वतंत्र टप्पा त्यानंतर आकाराला आला. १९०९ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे ज्युनियर हायस्कूल सुरू झाले. पुढे १९६०च्या दशकात विल्यम अलेक्झांडर या शिक्षणतज्ज्ञाने मांडलेल्या कल्पनेनुसार मिडल स्कूल ही रचना पसरली. महाराष्ट्रातील उच्च प्राथमिक स्तर, म्हणजे सहावी ते आठवी, हा याच वयोगटाचा आहे.

साहित्य कसे शिकवावे याविषयीचे दोन परस्परविरुद्ध वाटणारे विचार १९३८ या एकाच वर्षी ग्रंथरूपाने पुढे आले. क्लिआन्थ ब्रुक्स व रॉबर्ट पेन वॉरन यांच्या ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ या पाठ्यपुस्तकाने कवितेच्या शब्दांकडे, प्रतिमांकडे आणि रचनेकडे बारकाईने पाहण्याचा आग्रह धरला. लुईस रोझेनब्लॅट यांच्या ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ या ग्रंथाने मात्र वाचकाचा अनुभव आणि मजकूर यांच्या देवाणघेवाणीतून अर्थ घडतो, असे प्रतिपादन केले. आजच्या मिडल स्कूलच्या वर्गात हे दोन्ही प्रवाह दिसतात. संज्ञांची शिस्त पहिल्या प्रवाहातून येते, तर ‘हे वाचून तुला काय वाटले?’ हा प्रश्न दुसऱ्या प्रवाहातून येतो.

अभ्यासक्रमातील स्थान

अमेरिकेत शालेय अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेली ‘कॉमन कोअर’ ही अध्ययनमानके बहुसंख्य राज्यांनी स्वीकारली. काही राज्यांनी पुढे ती बदलली किंवा त्यांना दुसरे नाव दिले. टेक्सास व व्हर्जिनिया या राज्यांनी ती स्वीकारली नाहीत. त्यांची स्वतःची मानके आहेत.

कॉमन कोअरमध्ये अलंकारांचा क्रम इयत्तेनुसार वाढत जातो. सहावीत पर्सॉनिफिकेशनचे उदाहरण दिलेले आहे. सातवीत साहित्यिक, बायबलमधील व पुराणकथांतील संदर्भ येतात. आठवीत शाब्दिक उपरोध आणि श्लेष येतात. सातवीच्या वाचनात यमक व अनुप्रास यांचा विशिष्ट कडव्यावर होणारा परिणाम तपासायचा असतो. पात्रांना ठाऊक नसलेली गोष्ट वाचकाला ठाऊक असल्यामुळे निर्माण होणारी उत्कंठा किंवा विनोद हा आठवीचा विषय आहे.

या मानकांची शब्दयोजना लक्षणीय आहे. विद्यार्थ्याने अलंकाराचा ‘संदर्भात अर्थ लावावा’ आणि शब्दनिवडीचा अर्थावर व सुरावर होणारा ‘परिणाम तपासावा’, अशी अपेक्षा त्यांत आहे. संज्ञांची पाठ करण्याजोगी वेगळी यादी त्यांत दिलेली नाही. तशा याद्या पाठ्यपुस्तके, शाळा आणि शिक्षक तयार करतात.

प्रमुख संज्ञा

मिडल स्कूलमध्ये शिकवल्या जाणाऱ्या संज्ञांचे तीन स्थूल गट पडतात.

भाषिक अलंकार
• सिमिली : दोन भिन्न गोष्टींतील साम्य ‘सारखा’, ‘जणू’ अशा शब्दाने उघडपणे सांगणे. मराठीत उपमा.
• मेटाफर : एक गोष्ट म्हणजेच दुसरी असे मानून बोलणे. मराठीत साधारणतः रूपक.
• पर्सॉनिफिकेशन : मानवेतर गोष्टीला मानवी गुण देणे. मराठीत चेतनगुणोक्ती.
• हायपरबोली : परिणामासाठी केलेली अतिशयोक्ती.
• अलिटरेशन : जवळजवळच्या शब्दांच्या आरंभी एकाच व्यंजनध्वनीची पुनरावृत्ती.
• ऑनोमॅटोपिया : अर्थाचा ध्वनी स्वतःच्या उच्चारात असलेला शब्द. मराठीतील ‘खळखळ’, ‘कडाड’ या प्रकारचे शब्द.
• अल्यूजन : प्रसिद्ध ग्रंथ, व्यक्ती किंवा घटना यांचा स्पष्टीकरण न देता केलेला सूचक उल्लेख.

कथनविषयक संज्ञा
• प्लॉट : घटनांची कार्यकारणभावाने बांधलेली मांडणी.
• कॉन्फ्लिक्ट : पात्राचा दुसऱ्या पात्राशी, समाजाशी, निसर्गाशी किंवा स्वतःशी असलेला संघर्ष.
• पॉइंट ऑफ व्ह्यू : कथा कोण सांगतो आणि त्याला किती ठाऊक आहे, याची जागा.
• फोरशॅडोइंग : पुढे घडणाऱ्या गोष्टीची आधी पेरलेली सूचना.
• फ्लॅशबॅक : चालू कथनात आणलेला पूर्वीचा प्रसंग.

अर्थ व भाव यांविषयीच्या संज्ञा
• थीम : कृतीतून व्यक्त होणारा मध्यवर्ती विचार.
• टोन : लेखकाचा किंवा निवेदकाचा विषयाकडे पाहण्याचा सूर.
• मूड : वाचकाच्या मनात निर्माण होणारे वातावरण.
• सिम्बॉल : स्वतःच्या अर्थापलीकडे काही सुचवणारी वस्तू, व्यक्ती किंवा कृती.
• आयरनी : बोललेले व अभिप्रेत, अपेक्षित व प्रत्यक्ष, किंवा पात्राला ठाऊक व वाचकाला ठाऊक यांतील विरोध. यांना अनुक्रमे शाब्दिक, प्रसंगनिष्ठ व नाट्यात्म उपरोध म्हणतात.

कथानकाची रचना दाखवण्यासाठी वर्गात पिरॅमिडची आकृती वापरतात. ती गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाट्यतंत्रावरील ग्रंथात मांडलेल्या विवेचनावरून आली आहे. फ्रायटागचे विवेचन प्रामुख्याने ग्रीक शोकांतिका व शेक्सपिअर यांच्या पाच अंकी रचनेवर आधारलेले होते आणि त्यात उत्कर्षबिंदू मध्यभागी होता. शालेय आकृतीत तो बहुधा शेवटाकडे सरकलेला असतो. पंचतंत्रासारख्या, कथेच्या पोटात कथा असलेल्या रचनेला ही आकृती सहज लागू पडत नाही.

वाचनातील उपयोग

संज्ञा शिकवण्यासाठी ठरावीक कलाकृती पुन्हा पुन्हा वापरल्या जातात. ओ. हेन्री यांची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही १९०५ सालची कथा प्रसंगनिष्ठ उपरोधासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात पत्नी आपले लांब केस विकून पतीच्या घड्याळासाठी साखळी घेते आणि पती तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे घेतो. एडगर ॲलन पो यांच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेतील निवेदक आपण शहाणे असल्याचे जितके ठासून सांगतो, तितका वाचकाचा त्याच्यावरील विश्वास उडत जातो. अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना या कथेच्या साहाय्याने स्पष्ट केली जाते. लँग्स्टन ह्यूज यांच्या ‘मदर टू सन’ या कवितेत जिन्याचे रूपक शेवटपर्यंत चालते.

वॉल्ट व्हिटमन यांची ‘ओ कॅप्टन! माय कॅप्टन!’ (१८६५) ही कविता कॉमन कोअरच्या सहावी ते आठवीच्या नमुना वाचनात समाविष्ट आहे. तिच्यातील जहाज म्हणजे देश, खडतर सफर म्हणजे यादवी युद्ध आणि कप्तान म्हणजे अब्राहम लिंकन. लिंकन यांची हत्या एप्रिल १८६५ मध्ये, युद्ध संपत असतानाच झाली. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी या कवितेत ‘विस्तारित रूपक’ आहे असे अचूक उत्तर देऊ शकतो. परंतु जहाज सुखरूप बंदराला लागले असताना कवीला आनंद का होत नाही, हे त्याला सांगता येत नाही. संज्ञेच्या ज्ञानाला पार्श्वभूमीच्या ज्ञानाची जोड का लागते, हे या उदाहरणावरून दिसते.

शब्दसंग्रहाचे शिक्षण

मजकुरातील शब्दच कळले नाहीत तर अलंकार कळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्यामुळे शब्दसंग्रह हा या शिक्षणाचा दुसरा पाय मानला जातो. विल्यम नॅगी व रिचर्ड अँडरसन यांनी १९८४ साली शालेय इंग्रजी मुद्रित साहित्यात सुमारे ८८,५०० शब्दकुले असल्याचा अंदाज मांडला. एवढे शब्द एकेक करून शिकवणे अशक्य असल्याने निवडीचा प्रश्न निर्माण होतो.

इझाबेल बेक, मार्गारेट मॅककोन व लिंडा कुकन यांनी २००२ सालच्या ‘ब्रिंगिंग वर्ड्स टू लाइफ’ या ग्रंथात शब्दांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर रोजच्या बोलण्यातील शब्द येतात. दुसऱ्या पायरीवर अनेक विषयांच्या लेखनात आढळणारे, पण बोलण्यात क्वचित येणारे शब्द येतात. तिसऱ्या पायरीवर विशिष्ट विषयाच्या परिभाषा येतात. वर्गातील अधिक वेळ दुसऱ्या पायरीच्या शब्दांना द्यावा, असे त्यांचे मत आहे. या वर्गीकरणानुसार साहित्यसंज्ञा तिसऱ्या पायरीच्या ठरतात.

कॉमन कोअरमध्ये शब्दार्थ शोधण्याचे पुढील मार्ग दिलेले आहेत.

• संदर्भ : वाक्यातील इतर शब्दांवरून अर्थाचा अंदाज. लुइस कॅरल यांची अर्थहीन वाटणाऱ्या शब्दांनी भरलेली ‘जॅबरवॉकी’ ही कविता याच्या सरावासाठी सोयीची ठरते. या मार्गाला मर्यादाही आहेत. स्वानबॉर्न व डी ग्लॉपर यांनी १९९९ साली अनेक प्रयोगांच्या निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सहज वाचनात भेटलेल्या अपरिचित शब्दांपैकी सुमारे १५ टक्केच शब्द विद्यार्थी शिकतात, असे आढळले.
• मूळ धातू : ग्रीक व लॅटिन धातू आणि उपसर्ग-प्रत्यय. सहावीत ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन मुळावरून ऑडियन्स, ऑडिटरी, ऑडिबल हे शब्द येतात. मराठीत ‘श्रु’ या धातूवरून श्रोता, श्रवण, श्राव्य हे शब्द लावले जातात, तशीच ही रीत आहे.
• अर्थच्छटा : जवळच्या अर्थाच्या शब्दांतील सूक्ष्म भेद. काटकसरी व कंजूष हे दोन्ही शब्द कमी खर्च करणाऱ्या माणसाला लागू होतात. पण पहिल्यात प्रशंसा आहे आणि दुसऱ्यात निंदा.

अर्थच्छटांचा अभ्यास शब्दसंग्रह आणि साहित्यसंज्ञा यांना जोडतो. कथेतील म्हातारा ‘काटकसरी’ आहे की ‘कंजूष’, या निवडीतूनच निवेदकाचा टोन ठरतो.

अध्यापनपद्धती

संकल्पना पक्की करण्यासाठी फ्रेअर आकृती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेअर व सहकाऱ्यांनी १९६९ साली मांडलेल्या कामावरून ती आली आहे. तिच्या चार चौकटींत व्याख्या, लक्षणे, उदाहरणे आणि ‘उदाहरण नव्हे’ अशा गोष्टी लिहितात. चौथी चौकट विशेष उपयुक्त ठरते, कारण संकल्पनेची सीमा तिच्यामुळे स्पष्ट होते. याशिवाय भिंतीवर शब्द लावणे, अर्थाचे चित्र काढणे, संज्ञा वापरून स्वतः लेखन करणे आणि तोच शब्द वेगवेगळ्या संदर्भांत पुन्हा भेटेल अशी योजना करणे, हे मार्गही रूढ आहेत.

उत्तर लिहिताना विद्यार्थ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा केली जाते : विधान, मजकुरातील पुरावा आणि स्पष्टीकरण. उदाहरणार्थ, ‘वाऱ्याने रात्रभर दार ठोठावले’ या वाक्यात चेतनगुणोक्ती आहे, हे झाले विधान. ‘ठोठावले’ हे क्रियापद हा पुरावा. दार ठोठावणारा कोणीतरी बाहेर आहे असा भास झाल्याने घरातील एकटे पात्र अधिक भयभीत वाटते, हे स्पष्टीकरण. तिसरी पायरी गाळली गेली तर उत्तर केवळ नाव सांगण्यापुरते उरते.

नेहमी आढळणारे गोंधळ

• इंग्रजीतील ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ हा शब्द दिसला की सिमिली, असा सोपा नियम सांगितला जातो. तो फसवा आहे. ‘तिला आंबे आवडतात’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यातही ‘लाइक’ येतो. ‘मुलगी आईसारखी दिसते’ ही तुलना असली तरी ती शब्दशः असल्याने अलंकार ठरत नाही.
• विषय आणि थीम यांत गल्लत होते. ‘मैत्री’ हा विषय झाला. ‘खरी मैत्री संकटात कळते’ असे पूर्ण विधान ही थीम.
• टोन व मूड एकच समजले जातात. निवेदक थंड, कोरड्या सुरात बोलत असताना वाचकाच्या मनात भीती दाटू शकते.
• केवळ दुर्दैवी योगायोगाला आयरनी म्हटले जाते. अपेक्षा आणि परिणाम यांत अर्थपूर्ण विरोध असल्याशिवाय ती संज्ञा लागू होत नाही.
• अलिटरेशन अक्षरावरून ठरवले जाते, वास्तविक ते ध्वनीवरून ठरते. ‘सिटी’ व ‘कॅट’ या शब्दांच्या इंग्रजी लेखनातील पहिले अक्षर एकच असूनही अनुप्रास साधत नाही. ‘फोन’ व ‘फिश’ यांची पहिली अक्षरे निराळी असूनही तो साधतो.

मतभेद

साहित्यसंज्ञांच्या शिक्षणावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, ते पुष्कळदा ‘अलंकार शोधा’ या खेळात संपते. बहुपर्यायी प्रश्नांत संज्ञा ओळखणे तपासायला सोपे असते, अर्थनिर्णय तपासायला कठीण. त्यामुळे परीक्षेच्या दडपणाखाली वर्गातील वेळ नावांकडे वळतो आणि कवितेविषयीची उत्सुकता मावळते, असे टीकाकार म्हणतात.

याउलट, संज्ञा उघडपणे शिकवण्याच्या बाजूने सामाजिक न्यायाचा मुद्दा मांडता येतो. ज्या घरांत पुस्तकांविषयी बोलणे चालते, तेथील मुलांना ही भाषा आपोआप मिळते. इतरांना ती केवळ शाळेतच मिळू शकते. लिसा डेल्पिट यांनी १९८८ सालच्या एका प्रसिद्ध लेखात, प्रस्थापितांच्या व्यवहाराचे नियम वंचित गटांतील मुलांना स्पष्टपणे शिकवले पाहिजेत, अशी भूमिका घेतली. ती केवळ साहित्यसंज्ञांपुरती नव्हती. तथापि या वादातही तिचा आधार घेता येतो.

कॅरल ली यांच्या कामाने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. हायस्कूलच्या आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यात ‘सिग्निफाइंग’ नावाची टोमणे व शब्दखेळ यांची समृद्ध परंपरा आहे आणि तीत उपरोध, रूपक, सूचकता हे सारे असते, हे त्यांनी लक्षात घेतले. विद्यार्थ्यांनी आधी आपल्याच बोलण्याचे विश्लेषण करावे आणि मग तेच कौशल्य साहित्यकृतीकडे न्यावे, अशी त्यांची पद्धत आहे. १९९३ साली त्यांचा यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या दृष्टीने पाहता विद्यार्थी संज्ञेच्या आधी अलंकार जाणत असतो. शाळा त्या जाणिवेला नाव देते.

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हेच लागू होते. स्पॅनिश भाषक मुलांना मेटाफोरा, इरोनिया, सिम्बोलो हे शब्द स्वभाषेत उपलब्ध असतात. त्यांची अडचण बहुधा संज्ञेत नसून अलंकारातील साध्या इंग्रजी वाक्प्रचारांत आणि त्यांमागील सांस्कृतिक संदर्भांत असते.

मराठी अलंकारविचाराशी तुलना

मराठी शाळांतील अलंकारांचे शिक्षण संस्कृत काव्यशास्त्रावर आधारलेले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक व यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढील काळात त्यांची संख्या पुष्कळ वाढली. उपमेचे उपमेय, उपमान, साधारण धर्म व साम्यवाचक शब्द असे चार घटक मराठी व्याकरणात शिकवले जातात. इंग्रजीत आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली मेटाफरच्या दोन अंगांसाठी ‘टेनर’ व ‘व्हेइकल’ हे शब्द रूढ केले. ते साधारणपणे उपमेय व उपमान यांच्याशी जुळतात.

दोन्ही परंपरांतील संज्ञा नेमक्या एकमेकींवर बसत नाहीत. उपमेयाचा उल्लेखच नसेल तर संस्कृत परंपरेत तो अतिशयोक्तीचा प्रकार ठरतो, रूपक नव्हे. इंग्रजीत मात्र तोही मेटाफरच. अनुप्रास शब्दात कोठेही साधतो, अलिटरेशन शालेय व्याख्येनुसार आरंभीच्या ध्वनीचे असते. नाट्यात्म उपरोध हा कथानकाच्या रचनेतून निर्माण होत असल्याने त्याला एकाच वाक्यालंकाराचे नाव देता येत नाही.

महाराष्ट्रात इंग्रजी अलंकारांचा परीक्षेच्या दृष्टीने अभ्यास प्रामुख्याने माध्यमिक स्तरावर होतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीत कवितेच्या रसग्रहणात यमकरचना, अलंकार व मध्यवर्ती कल्पना या मुद्द्यांवर लिहावे लागते. मराठीत उपमा-रूपक शिकलेल्या विद्यार्थ्याला ही संकल्पना नवी नसते. मात्र दोन विषयांचे शिक्षक स्वतंत्रपणे शिकवत असल्यास हा दुवा दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो.

नाव आणि परिणाम यांतील प्रश्न भारतीय काव्यशास्त्रालाही अपरिचित नाही. ९व्या शतकात काश्मीरमधील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात, अलंकार रसाला पोषक असेल तरच त्याची योजना सार्थ ठरते, असे मत मांडले. अलंकार ओळखल्यावर तो तेथे काय करतो हे विचारणे, ही मिडल स्कूलच्या इंग्रजी वर्गातील अपेक्षा या विचाराच्या जवळची आहे.

हे सुद्धा पहा

• अलंकार
• उपमा
• रूपक
• काव्यशास्त्र
• ध्वन्यालोक
• वॉल्ट व्हिटमन
• ओ. हेन्री